मदत हवी आहे: लेकाचा एक्झिमा आणि चिनी काढा

लंडनकर मंडळी, लेक सहा वर्षांचा. कोपराच्या, गुडघ्यामागच्या घडीत रात्रभर खाजवतो, सकाळी चादरीवर रक्ताचे ठिपके. इथल्या एका चिनी वैद्यांनी काढ्याच्या पुड्या दिल्यात. त्यात ज्येष्ठमध आणि गोखरू तेवढे ओळखले (आजीची कृपा!), बाकी सालं-मुळं अनोळखी. सोबत बिनलेबलच्या डबीत पांढरं मलम. तीन दिवसांत त्वचा लख्ख, आणि तिथेच माझी झोप उडाली! 1999 साली इथे तपासलेल्या 11 चिनी मलमांपैकी 8 मध्ये डेक्सामेथासोन, म्हणजे चक्क स्टेरॉइड निघालं होतं. मलम तूर्त बाजूला ठेवलंय, सोमवारी डबीसकट जीपीकडे (इथल्या फॅमिली डॉक्टरकडे) जातेय. असं मलम कुणी तपासून घेतलंय का, कुठे? आणि काढा चालू असताना मुलांची लिव्हर टेस्ट किती दिवसांनी केलीत?