आमच्या कौंटीचा हाउसिंग एलिमेंट राज्याने परत पाठवलाय, हरकत घ्यायची का आणि कशावर?

डोंगरउतार:
नमस्कार मंडळी, विषय जरा रुक्ष आहे पण इथे कॅलिफोर्नियातले बरेच जण दिसतात म्हणून विचारतोय. आम्ही बे एरिया सोडून सिएराच्या पायथ्याशी एका छोट्या कौंटीत राहायला आलोय, नाव मुद्दाम देत नाही कारण इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. पाच एकर, स्वतःची बोअर, सेप्टिक, मागे ओकची झाडं, आणि गावात एकच ग्रोसरीचं दुकान.

तर कौंटीचा हाउसिंग एलिमेंट म्हणजे आठ वर्षांचा घरांचा प्लॅन राज्याकडे गेला होता, तो एचसीडीने (राज्याचं घरबांधणी खातं) भलंमोठं पत्र जोडून परत पाठवला. आता सुधारलेला मसुदा वेबसाइटवर टाकलाय, पानं तीनशेच्या वर, त्यातली अर्धी टेबलं. मी रात्री बसून चाळला तर शेवटच्या अपेंडिक्समध्ये आमच्या शेजारचा १४ एकरांचा मोकळा तुकडा 'लोअर इन्कम साइट' म्हणून धरलाय आणि समोर आकडा ११२ युनिट्स! तिथे आज गाई चरतात. ना पाण्याची लाइन ना ड्रेनेज, आणि आत यायचा रस्ता एकच, तोही पुढे जाऊन बंद होतो.

नेक्स्टडोअरवर (शेजाऱ्यापाजाऱ्यांचं अॅप) नुसता धुरळा उडालाय. एक जण म्हणतो राज्य सरकार जबरदस्तीने ११२ घरं बांधणार, दुसरा म्हणतो प्लॅन पास नाही झाला तर 'बिल्डर्स रेमेडी' लागते आणि कुणीही येऊन पाच मजली इमारत ठोकू शकतो. मग पास व्हावा का होऊ नये, काय मागायचं तेच कळेना. त्यात आम्हाला स्वतःला आईबाबांसाठी मागे छोटं घर बांधायचंय (नाशिकहून येऊन सहा सहा महिने राहतात, जिना चढवत नाही आता), म्हणजे 'आमच्या गावात घरंच नकोत' असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत उभं राहणंही बरोबर वाटत नाही. कुणी यातलं जाणकार आहे का?

नकाशेवाला:
मी बरीच वर्षं कन्सल्टंटकडे हेच काम करायचो, छोट्या कौंट्यांचे हाउसिंग एलिमेंट लिहायचे, तेव्हा हे सांगू शकतो.

पहिलं म्हणजे कौंटी घरं बांधत नाही आणि राज्यही बांधत नाही. हा कायदा १९६९ पासून आहे. त्यात एवढंच म्हटलंय की प्रत्येक शहराने आणि कौंटीने आपल्या वाट्याला आलेली घरं बसतील एवढी जागा झोनिंगमध्ये दाखवायची आणि वाटेतले अडथळे काढायचे. वाटा म्हणजे तो 'रीना'चा आकडा. चालू सहाव्या चक्रात सगळ्या राज्याचा मिळून तो साधारण २५ लाख घरांचा आहे, त्यातली १० लाख लोअर इन्कमची. मोठ्या भागात प्रादेशिक संस्था तो वाटून देतात, जिथे तशी संस्था नाही त्या ग्रामीण कौंटीला एचसीडी थेट आकडा देते. आपल्याकडच्या डीपीत (विकास आराखड्यात) आरक्षण टाकतात तसंही हे नाही हं, तुमच्या शेजाऱ्याची जमीन कुणी घेणार नाही. त्याला हवं तर तो पुढची वीस वर्षं गाईच चारेल.

मग १४ एकर कुठून आले? तर लोअर इन्कमची घरं इथे बसू शकतात हे सिद्ध करायची एक सोपी वाट कायद्यातच दिलीय. महानगराबाहेरच्या कौंटीच्या अनइनकॉर्पोरेटेड, म्हणजे कुठल्याच शहराच्या हद्दीत नसलेल्या, भागात एकरी १० घरांचं झोनिंग असलं की राज्य ते मान्य करतं, कौंटीत जरा मोठं गाव असेल तर १५, सबर्बन भागात २०, मोठ्या शहरात ३०. आता १४ गुणिले १० आणि त्याचे ८० टक्के करा बरं. ११२! हा आकडा जमीन बघून आलेला नाही, एक्सेलमधून आलाय, आणि खरं सांगायचं तर असे आकडे मीही खूप काढलेत, बजेटच तेवढं असायचं, साइटवर जायला कोण पैसे देणार.

पण इथेच तुमचा मुद्दा आहे. २०१७ च्या दुरुस्तीपासून अर्ध्या एकरापेक्षा लहान आणि १० एकरांपेक्षा मोठा तुकडा लोअर इन्कमसाठी असाच धरता येत नाही, त्या मापाच्या जागेवर आधी अशी घरं झालीयत किंवा होऊ शकतात याचा पुरावा द्यावा लागतो. तुमचा १४ एकरांचा आहे. मसुद्यात पुरावा दिलाय का बघा, बहुतेक 'मालक उत्सुक आहे' असं एखादं गुळमुळीत वाक्य असेल. आणि पाणी, ड्रेनेज, वीज तिथे आहे का किंवा प्लॅनच्या काळात तिथवर येण्याची तजवीज आहे का, हेही दाखवावं लागतं.

कागदी_घोडा:
एवढं सगळं करून घरं किती होतात ते पण सांगा की. आमच्याकडे दोन चक्रं झाली, तीच ती पाच-सहा शेतं दर वेळी यादीत, एक वीट हललेली नाही. कन्सल्टंटचं पोट भरतं, एचसीडीवाले पत्र पाठवतात, कौंटी दोन वाक्यं बदलते, परत पत्र. दर १ एप्रिलला प्रोग्रेस रिपोर्ट जातो त्यात लोअर इन्कमच्या रकान्यात भोपळा. प्लॅन पास झाला काय न् नाही झाला काय, सगळं मुसळ केरात.

खानदेशी_युबावाला:
कागदी_घोडा, वैताग कळतो पण 'काय फरक पडतो' हे पटलं नाही. पास नसला की अफोर्डेबल हाउसिंगच्या बऱ्याच ग्रँट्सची दारं बंद होतात, आणि छोट्या कौंटीत त्या ग्रँटशिवाय स्वस्त घर उभंच राहत नाही, तिथल्या भाड्यात बांधकामाचं गणित बसत नाही. पुढे राज्य कोर्टात गेलं आणि कोर्टाचा आदेशही मोडला तर महिन्याला १० हजार ते १ लाख डॉलर दंड आहे. हंटिंग्टन बीचसारखं पैसेवालं शहर वकील लावून भांडू शकतं, चार प्लॅनर असलेली कौंटी काय भांडणार.

मी युबा सिटीच्या बाजूला राहतो. इथे पीच, अक्रोड, प्रून. हंगामात माणसं येतात ती राहतात कुठे हे बघायचं असेल तर पहाटे पाचला गॅस स्टेशनवर उभे राहा, गाडीतून उठून तोंड धुणारे दिसतात. राज्याच्या कायद्यात शेतमजुरांसाठी ३६ खाटांपर्यंतची वसाहत किंवा १२ घरं ही शेतीच मानायची असं स्पष्ट आहे, म्हणजे जिथे शेतीला वेगळी परवानगी लागत नाही तिथे यालाही मागायची नाही. तरी कित्येक कौंट्यांच्या झोनिंग कोडात अजून जुनंच लिहिलेलं असतं, काउंटरवरचा पोरगा तेच वाचून दाखवतो आणि शेतकरी गप परत जातो. हाउसिंग एलिमेंट अपडेट होताना हे कोड दुरुस्त करून घेता येतं. डोंगरउतार, तुमच्या मसुद्यात 'प्रोग्राम्स' नावाचं प्रकरण असेल. खरा जीव त्यात असतो. त्यात प्रत्येक कामाला तारीख आहे का बघा. 'कन्सिडर करू', 'एक्सप्लोर करू' असली क्रियापदं दिसली की समजायचं काही होणार नाही, एचसीडीवालेही त्यावर बोट ठेवतात.

अबोली_सॅक:
आग आणि इन्शुरन्सचं कुणीच बोललं नाही अजून? २०१८ च्या कॅम्प फायर वणव्यात पॅराडाइज गाव आणि आसपास मिळून ८५ माणसं गेली, बाहेर पडायचे रस्ते तुंबले होते. आमच्या ओळखीचे लोक त्या रस्त्यावर अडकलेले. तेव्हा 'एकच रस्ता आहे' हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात तेच सगळ्यात वर टाका. २०१९ च्या कायद्याप्रमाणे हाउसिंग एलिमेंट बदलताना कौंटीला सेफ्टी एलिमेंट, म्हणजे आग-पुरासारख्या धोक्यांचा प्लॅन, तोही बघावा लागतो आणि धोक्याच्या भागातल्या ज्या वस्त्यांना बाहेर पडायला निदान दोन रस्ते नाहीत त्या शोधून दाखवाव्या लागतात. त्या यादीत तुमचा रस्ता आहे का? एका कागदावर 'इथून सुटका अवघड' आणि दुसऱ्या कागदावर त्याच रस्त्याला ११२ घरं, असं असेल तर दोन्ही पानं समोरासमोर ठेवून विचारा, बाकी भाषण करायची गरज नाही.

बाकी ११२ घरांना इन्शुरन्स कोण देणार देव जाणे. आमच्याकडे अर्धी आळी फेअर प्लॅनवर आहे, म्हणजे दुसरं कुणी विमा देईना की शेवटी घ्यायचा तो.

डोंगरउतार:
बापरे, इतकी उत्तरं, आभार सगळ्यांचे. नकाशेवाला, बघितलं. 'मालकाने रस दाखवला आहे' असंच आहे अगदी, शब्दाचा फरक नाही. मालक म्हातारे आहेत, त्यांना मी विचारलं तर म्हणाले मला तर कुणी फोनच केला नाही 😅 आणि तो तुकडा विल्यमसन अॅक्टमध्ये आहे म्हणे, त्याने काही फरक पडतो का?

आणि बिल्डर्स रेमेडीचं खरं किती?

नकाशेवाला:
विल्यमसन अॅक्ट!! अहो मग हे आधी सांगायचं ना. १९६५ चा कायदा, जमीन शेतीतच ठेवतो असा कौंटीशी करार करायचा आणि त्या बदल्यात प्रॉपर्टी टॅक्स कमी. करार निदान १० वर्षांचा आणि दर वर्षी आपोआप एक वर्ष पुढे सरकतो. मालकाने आज 'नको' म्हणून नोटीस दिली तरी सुटायला नऊ-दहा वर्षं. प्लॅनचं चक्र आठ वर्षांचं. करार मध्येच रद्द करता येतो पण त्याला दंडाची रक्कम भरावी लागते आणि बोर्डाला (कौंटीचं निवडून आलेलं मंडळ) कारणं लिहून द्यावी लागतात. तेव्हा ती साइट यादीत टिकायची नाही. असेसरच्या (प्रॉपर्टी टॅक्सवाल्या) ऑफिसात पार्सल नंबर, म्हणजे त्या तुकड्याचा नंबर, देऊन करार चालू आहे का ते पक्कं करा, म्हाताऱ्यांच्या आठवणीवर जाऊ नका.

बिल्डर्स रेमेडी खरी आहे पण नेक्स्टडोअरवर सांगतात तशी नाही. प्लॅन राज्याच्या नियमात बसत नसेल त्या काळात ठरावीक टक्के स्वस्त घरं असलेला प्रोजेक्ट नुसतं 'झोनिंगमध्ये बसत नाही' म्हणून नाकारता येत नाही. आधी २० टक्के लो इन्कम लागायची, २०२५ पासून १३ वर आलंय, पण घनतेवर कमाल मर्यादाही घातलीय. आणि ग्रामीण लोकांच्या कामाचं कलम असं की जमीन शेती झोनमध्ये असेल आणि निदान दोन बाजूंना शेती असेल, किंवा पुरेसं पाणी आणि सांडपाण्याची सोय नसेल, तर कौंटी तरीही नाही म्हणू शकते. तुमच्याकडे सेप्टिकवर पाच मजली? डोंगराच्या खडकात लीच फील्ड, म्हणजे सेप्टिकचं पाणी जिरवायची जागा, घालणार कुठे. नवे प्लॉट पाडताना राज्याच्या सेप्टिक धोरणात जिथे पाऊस कमी तिथे एका घराला सरासरी अडीच एकर धरतात, जास्त पावसाच्या भागात अर्धा, आणि इथे आपण एकरी १० घरांच्या गप्पा मारतोय.

म्हणून माझं म्हणणं, घरं नकोत असं लिहू नका, ती पत्रं ढिगाने येतात आणि कुणी वाचत नाही. असं लिहा की ही साइट काढा, कारणं ही, आणि तिच्या बदल्यात गावातली ही जागा घ्या. गावात जिथे सीवरची लाइन आहे तिथे बंद पडलेलं मोटेल, जुनी लाकडाची वखार, चर्चच्या मागची मोकळी जागा, असं काहीतरी असतंच. रीनाचा आकडा तर कमी होणार नाही, एक साइट गेली की दुसरी द्यावीच लागते, मग ती तुम्हीच सुचवलेली का नसावी. पाणी-सीवर डिस्ट्रिक्टचं पण विचारा, मंजूर झालेला प्लॅन त्यांना लगेच पाठवायचा असतो आणि स्वस्त घरांना कनेक्शन देताना त्यांनी प्राधान्य द्यायचं असतं, हे कित्येक डिस्ट्रिक्टच्या बोर्डाला माहीतच नसतं.

कागदी_घोडा:
वखारीची आयडिया बरी आहे. आमच्याकडे पण एक आहे.

अबोली_सॅक:
आईबाबांच्या घराचं कुणी सांगितलंच नाही म्हणून लिहिते, आम्ही सासूबाईंसाठी बांधलंय. एडीयूला, म्हणजे घराच्या आवारातल्या अशा छोट्या दुसऱ्या घराला, प्लॅन पास व्हायची वाट बघायची गरज नाही, तो वेगळा राज्याचा कायदा आहे, पूर्ण अर्ज गेला की ६० दिवसांत निर्णय, सुनावणी नाही, शेजाऱ्याची सही नाही. ७५० स्क्वेअर फुटांच्या आत ठेवलंत तर इम्पॅक्ट फी नाही. पण सेप्टिकवर असाल तर कौंटी पर्क टेस्ट (जमिनीत पाणी कसं जिरतं त्याची चाचणी) मागू शकते, पाच वर्षांच्या आतली. ती सगळ्यात आधी करा, आर्किटेक्टला पैसे द्यायच्या आधी. आमच्या कौंटीने आधी नकाशे काढायला लावले आणि मग सेप्टिकवाल्याने जागाच बदलायला लावली, परत सगळं ड्रॉइंग. आणि कागदावर प्लॉटच्या कडेपासून चार फूट सोडा असं वाचाल, पण तुमच्याकडे कॅल फायरचे (राज्याचं अग्निशमन खातं) नियम लागत असतील तर तीस फुटांचं विचारून घ्या. दाराला उंबरठा ठेवू नका आणि बाथरूम मोठं करा, हे कायद्यात नाही पण ऐका माझं.

डोंगरउतार:
पर्क टेस्टवाल्याला फोन लावतो उद्याच. शेवटचा प्रश्न, लिहायचं कुणाला? कौंटीच्या प्लॅनरला मेल केलं तर 'नोंद घेतली' एवढंच उत्तर येतं.

नकाशेवाला:
प्लॅनरला लिहाच, पण सीसीमध्ये एचसीडीचा रिव्ह्यूअर ठेवा, परत आलेल्या पत्राच्या तळाशी त्याचं नाव असतं. रिव्ह्यू करताना लोकांची लेखी मतं एचसीडीला विचारात घ्यावीच लागतात, आणि सॅक्रामेंटोत बसलेल्या माणसाला तो रस्ता पुढे बंद होतो हे तुमच्याशिवाय कोण सांगणार. घाई मात्र करा. पहिल्या मसुद्याला ३० दिवस मिळतात, सुधारलेला मसुदा पाठवायच्या आधी फक्त सात दिवस वेबसाइटवर असला तरी चालतो. 'मला नोटीस पाठवा' असं लेखी कळवून ठेवा म्हणजे पुढच्या वेळी लिंक मेलवर येईल. पत्र दीड पानाच्या वर नको, पार्सल नंबर, विल्यमसनचा कागद, रस्त्याचा एक फोटो आणि बदली जागेचा पार्सल नंबर. बोर्डाच्या मीटिंगला तीन मिनिटं देतात, तिथे म्हाताऱ्या मालकांना घेऊन जा आणि बोलू त्यांनाच द्या.

खानदेशी_युबावाला:
आणि बदली जागा सुचवताना त्या जागेच्या शेजाऱ्यांशी आधी बोला बरं का, नाहीतर पुढचा धागा ते काढतील तुमच्यावर.