‘सारखा’ दिसला की उपमा?

बी-२०३ काकू : सर्वांना नमस्कार. रविवारी सकाळी तक्रार करणे मला आवडत नाही, परंतु विषय मुलांच्या अभ्यासाचा असल्यामुळे लिहीत आहे. आमच्या धाकटीच्या दहावीच्या चाचणीत ‘रात्रभर पाऊस सारखा कोसळत होता’ हे वाक्य देऊन ‘अलंकार असल्यास ओळखा’ असे विचारले होते. तिने ‘उपमा’ असे ठणठणीत लिहून गुण घालवले. कारण विचारले, तर गच्चीवरच्या खोलीत चालणाऱ्या वर्गातल्या तक्त्यात ‘सारखा म्हणजे उपमा’ असेच आहे, असे ती सांगते. तक्ता कोणाचा आहे, हे इथे सर्वांना ठाऊक आहे.

ए-४०२ इंजिनिअर साहेब : काकू, तक्ता माझा आहे आणि वर्ग मी विनामूल्य घेतो, हेही सर्वांना ठाऊक आहे. माहितीसाठी तो पुन्हा देत आहे. सारखा, जसा, प्रमाणे, परी, सम, वाणी आले की उपमा. जणू, गमे, वाटे, भासे, की आले की उत्प्रेक्षा. यांपैकी काहीच नसेल तर रूपक.

ए-१०१ गुरुजी : साहेब, आपल्या परिश्रमांबद्दल आदर राखून सांगतो, की पावसाच्या त्या वाक्यात ‘सारखा’ म्हणजे ‘सतत’. पाऊस कोणासारखा कोसळत होता, असा प्रश्न विचारून पाहावा. उत्तर मिळत नाही, कारण तिथे दुसरी वस्तूच नाही. उपमेला ज्याची तुलना करायची ते उपमेय, ज्याच्याशी करायची ते उपमान, दोघांत असलेला साधारणधर्म आणि साधर्म्य दाखवणारा शब्द, अशी चार माणसे लागतात. एकटा ‘सारखा’ येऊन बसला, तर त्याला उपमा म्हणत नाहीत.

सचिव : हा ग्रुप सोसायटीच्या सूचनांसाठी आहे, याची सर्वांना नम्र आठवण करून देतो.

सी-३०४ (स्पर्धा परीक्षावाला) : गुरुजी, आमच्या परीक्षेत पर्याय दिलेले असतात आणि वेळ मोजका असतो. शब्द पाहूनच खूण करावी लागते. एकच उदाहरण घेऊन सगळे अलंकार दाखवाल का?

ए-१०१ गुरुजी : आपली लिफ्ट घेऊ. ‘आपली लिफ्ट म्हातारीसारखी कण्हते’ ही उपमा. लिफ्ट उपमेय, म्हातारी उपमान, कण्हणे हा साधारणधर्म. ‘ही लिफ्ट जणू कण्हणारी म्हातारीच’ ही उत्प्रेक्षा, कारण इथे तुलना मागे पडून कल्पना पुढे आली. ‘लिफ्टरूपी म्हातारी आज पुन्हा दुसऱ्या मजल्यावर बसली’ हे रूपक, दोघी एकच झाल्या. ‘ही लिफ्ट नव्हे, म्हातारीच आहे’ असे म्हणून उपमेयाचा निषेध केला, की अपन्हुती. आणि ‘म्हातारीलाही मागे टाकील अशी आपली लिफ्ट कण्हते’ असे म्हटले, तर उपमेय उपमानाच्या वरचढ ठरले म्हणून व्यतिरेक. ज्ञानदेवांचा मराठी बोल अमृताशी पैज जिंकतो, तोही व्यतिरेकच. फक्त तिथे पैज अमृताशी आहे आणि इथे कण्हण्याची आहे.

सी-००२ आजी : गुरुजी, मी रोज सगळे मजले जिना चढून गच्चीवर पापड वाळत घालते आणि अद्याप एकदाही कण्हलेले नाही. उपमानात तो गुण खरोखर असावा लागतो, एवढे मला न शिकताही कळते. तुमचे उपमान चुकले.

ए-१०१ गुरुजी : आजी, हात जोडून क्षमा मागतो. आपला मुद्दा शास्त्राला धरूनच आहे.

सी-३०४ (स्पर्धा परीक्षावाला) : पण लिफ्ट निर्जीव आहे आणि कण्हते माणूस, मग ही चेतनगुणोक्ती नाही का?

ए-१०१ गुरुजी : ‘लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर कण्हत बसली’ एवढेच म्हटले असते, तर होय.

ए-४०२ इंजिनिअर साहेब : गोंधळ टाळण्यासाठी तक्ता पुन्हा देत आहे. सारखा, जसा, प्रमाणे, परी, सम, वाणी आले की उपमा. जणू, गमे, वाटे, भासे, की आले की उत्प्रेक्षा. नाहीतर रूपक.

बी-२०३ काकू : साहेब, आपण हा तक्ता सारखा टाकत आहात. माझ्या या वाक्यात उपमा नाही, हे आता माझ्या धाकटीलाही कळले आहे.

ए-१०१ गुरुजी : ‘मला वाटते, की आज टँकर येणार नाही’ या वाक्यात तक्त्यातले दोन शब्द आहेत, तरी ही उत्प्रेक्षा नव्हे, ही फक्त भीती आहे. उलट ‘कमलनयन’ या शब्दात तक्त्यातला एकही शब्द नाही, तरी उपमा आहे, कारण ‘कमळासारखे’ मधला ‘सारखे’ समासाने गिळला. असा शब्द लोपला, की तिला लुप्तोपमा म्हणतात.

बी-५०१ डॉक्टर साहेब : टँकरचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, शुक्रवारच्या टँकरमध्ये चिमणीची चोच भिजेल एवढेही पाणी नव्हते.

सचिव : डॉक्टर साहेब, ही अतिशयोक्ती आहे. टाकी अर्धी भरली होती.

ए-१०१ गुरुजी : सचिवांनी अलंकार अचूक ओळखला. दमडीच्या तेलात उंट वाहून जातो ती लोकगीतातली अतिशयोक्ती आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. मात्र आपण लातूरकरांनी हा अलंकार जपून वापरावा. ‘आमच्या गावाला रेल्वेने पाणी आले’ हे वाक्य बाहेरच्या माणसाला अतिशयोक्ती वाटेल. परंतु एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून लातूरला खरेच पाणी आले होते. म्हणून ते वाक्य अलंकार नाही, बातमी आहे. वाक्य जसेच्या तसे राहूनही वाचक बदलला, की अलंकार निघून जातो. ही गोष्ट कोणत्याही तक्त्यात मावत नाही.

बी-५०१ डॉक्टर साहेब : मग आमच्या सचिवांच्या औदार्याबद्दलही लिहितो. त्यांनी दोन महिने लिफ्ट दुरुस्त न करून आम्हा सर्वांचा व्यायाम फुकटात करवून घेतला, हे उपकार आम्ही विसरणार नाही. येत्या निवडणुकीत त्यांना हार नक्की मिळेल.

सचिव : आभारी आहे.

सी-३०४ (स्पर्धा परीक्षावाला) : सचिव साहेब, आभार मानण्यापूर्वी ‘हार’ शब्द दोनदा वाचावा.

ए-१०१ गुरुजी : वैयक्तिक टीका नको, पण डॉक्टरांनी दोन अलंकार एकापाठोपाठ साधले, हे मान्य करावे लागेल. पहिल्या वाक्यात वरून स्तुती आणि आतून निंदा आहे, ती व्याजस्तुती. दुसऱ्यात ‘हार’ एकदाच आला आणि फुलांचा व पराभवाचा असे दोन्ही अर्थ देऊन गेला, तो श्लेष. ‘हार’च्या जागी ‘माळ’ घातल्यास श्लेष तिथेच मरतो, म्हणून श्लेष शब्दालंकार. व्याजस्तुतीतले ‘औदार्य’ काढून ‘दिलदारपणा’ घातला, तरी टोचणी तेवढीच राहते, म्हणून ती अर्थालंकार. शब्द बदलून पाहणे, ही माझ्या मते कोणत्याही तक्त्यापेक्षा खात्रीची कसोटी आहे.

सचिव : लिफ्टचा भाग मागवला आहे. गच्चीवरच्या खोलीचे वीजबिलही यापुढे वर्ग घेणाऱ्यांनी भरावे, असे समितीचे मत आहे.

ए-४०२ इंजिनिअर साहेब : म्हणजे विनामूल्य शिकवायचे आणि वर पैसेही भरायचे. तक्ता पुन्हा देऊ का?

बी-२०३ काकू : नको! बिलात आमच्या घरचा वाटा मी देईन. वर्ग बंद व्हावा असे माझे म्हणणे कधीच नव्हते.

बी-५०१ डॉक्टर साहेब : एक शंका. परवा रात्री वॉचमनने पार्किंगमधला काळा पाइप साप समजून काठीने झोडपला. हा कोणता अलंकार?

सी-३०४ (स्पर्धा परीक्षावाला) : भ्रान्तिमान. ‘साप की पाइप’ असा संशय शेवटपर्यंत राहिला असता तर ससंदेह. त्याने खरे मानून काठी उचलली, म्हणून भ्रान्तिमान.

ए-१०१ गुरुजी : फरक बरोबर सांगितलास, पण त्या भ्रमात काव्य असावे लागते. नाहीतर चष्मा घरी विसरलेला प्रत्येक माणूस कवी ठरेल.

सी-००२ आजी : आमच्या पैठणच्या नाथांनी भारुडात काम-क्रोधाचा विंचू केला. माहेरी ते भारुड ऐकताना आम्ही पोरी ओरडून हसायचो आणि घरी परतताना गप्प व्हायचो. रूपक म्हणतात ते हेच का?

ए-१०१ गुरुजी : हेच, आजी. काम-क्रोध विंचवासारखे आहेत, असे नाथ म्हणत बसले नाहीत; तेच विंचू होऊन चावतात. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार आहेत, पुढच्या शास्त्रकारांनी ती संख्या शंभराच्या पुढे नेली. मुलांना आधी उपमा आणि रूपक या दोहोंतली भिंत कुठे आहे ते दाखवावे. बाकीचे अलंकार तिच्या अलीकडे-पलीकडे सापडत जातात.

ए-४०२ इंजिनिअर साहेब : तक्ता सुधारून देत आहे. पहिली ओळ अशी राहील : शब्द पाहण्यापूर्वी उपमेय आणि उपमान शोधावे, दोन्ही सापडले नाहीत, तर ‘सारखा’ कडे दुर्लक्ष करावे. पुढच्या रविवारी गुरुजींनी वर्गाला यावे, अशी विनंती.

ए-१०१ गुरुजी : येईन. लिफ्ट सुरू झाली तर लवकर, नाहीतर जरा उशिरा.

सचिव : टँकर आला आहे. ही सूचना कोणत्याही अलंकाराविना लिहिली आहे.

सी-००२ आजी : पूर्ण भरलेला की अर्धा?

सी-३०४ (स्पर्धा परीक्षावाला) : ससंदेह.