स्विमिंग पूल दोन सेंटीमीटर आखूड, तर म्हणे "सगळ्यांना सारखाच"!

टेपकाका:
काल इथे एका ताईंनी लिहिलं, "जिल्हा स्पर्धेचा पूल दोन सेंटीमीटर आखूड निघाला म्हणून काय आभाळ कोसळलं? सगळ्यांना सारखाच आखूड." वाचून डोकं फिरलं.

मी सर्व्हेअर. मागे एका नव्या पुलाचं माप घेतलं. ठेकेदाराने काँक्रीटची भिंत ते भिंत बरोब्बर ५० मीटर ठेवलेली. मग वॉटरप्रूफिंग, प्लास्टर, टाइल, तेही दोन्ही टोकांना. पहिल्या लेनमध्ये भरले ४९.९६, आठवीत ४९.९७. म्हणजे "सारखाच" इथेच बोंबललं. नियमात अधिक ३ सेंमी चालतं, उणे शून्य. तेही पाण्याच्या वर ३० सेंमीपासून खाली ८० सेंमीपर्यंत, कुठेही मोजा. टचपॅड (हात लागला की घड्याळ थांबवणारी भिंतीवरची पाटी) लावलात तर माप पॅडपासून, आणि पॅड साधारण सेंटीमीटरभर जाड.

आणि नंबर सारखे लागतील, वेळेचं काय? आपल्या साजन प्रकाशने २०२१ मध्ये रोमला २०० मीटर बटरफ्लाय १:५६.३८ मध्ये मारलं. ऑलिंपिकचा ए कट, म्हणजे थेट पात्रतेची वेळ, १:५६.४८. फरक सेकंदाचे दहा शतांश. पूल दोन सेंमी आखूड असता तर चार लेंथमध्ये आठ सेंमी, म्हणजे त्यातले पाचेक शतांश पुलानेच दिले असते. मग ती वेळ कोण मानणार?

लेन_सहाची_आई:
ती ताई मीच. काका, साजन प्रकाश रोमला पोहला, आमची पोरं नगरपालिकेच्या टँकमध्ये. तिथे लेन सहाची टायमर मी होते. एका हातात स्टॉपवॉच, दुसऱ्या हातात धाकट्याचा डबा. माझ्या अंगठ्याची चूक तुमच्या पाच शतांशांपेक्षा कितीतरी मोठी. आधी टायमिंगचं बघा.

जुनी_शिट्टी:
म्युनिक ऑलिंपिक १९७२, ४०० मीटर मेडली, म्हणजे चारही प्रकार एकाच शर्यतीत. लार्सन आणि मॅकी दोघेही ४:३१.९८. सुवर्ण ठरलं हजारांशावर, ९८१ विरुद्ध ९८३. दोन हजारांशात माणूस जेमतेम तीन मिलिमीटर जातो. तेवढ्या अचूक भिंती बांधता येत नाहीत, म्हणून पुढे शतांशावर थांबायचं ठरलं. सिडनीत २००० साली ५० मीटर फ्रीस्टाइलला एर्विन आणि हॉल दोघांना २१.९८, दोघांना सुवर्ण.

लेन_सहाची_आई:
बघा! नियमवाल्यांनीच हात टेकले.

टेपकाका:
मिलिमीटर सोडले त्यांनी. सेंटीमीटर नाही सोडले.

दाखला_दाखवा:
पुलाचं कसलं माप घेताय, पोरांच्या जन्मदाखल्याचं घ्या! माझ्या मुलाच्या गटात 'बारा वर्षांच्या' एकाने पदक गळ्यात घातलं, किक मारली आणि वडिलांना मागे बसवून बाइकवर घरी गेला.

लेन_सहाची_आई:
हे मात्र शंभर टक्के.

उंच_पोराचा_बाप:
प्रत्येक स्पर्धेत हे ऐकतो. माझा मुलगा अकराव्या वर्षी पाच फूट आठ इंच होता. दाखला हॉस्पिटलचा, तरी लोक त्याच्यासमोर हसायचे. एकदा पोरगं बाथरूममध्ये रडत बसलं, रिले चुकली. त्याचं माप कोण घेणार?

दाखला_दाखवा:
तुमच्याबद्दल बोललोय का? टोपी बसली वाटतं. मनगटाचा एक्स-रे काढा, हाडांवरून वय कळतं, संपला विषय.

उंच_पोराचा_बाप:
एक्स-रेत वर्षभर इकडेतिकडे होतं. आणि तोंड सांभाळून बोला.

जुनी_शिट्टी:
तीस वर्षं पंच होतो. दोघांचंही खरं आहे. दाखला 'उशिरा नोंदवलेला' असला की मी फक्त तारीख बघायचो आणि गप्प बसायचो. त्याची लाज वाटते.

टेपकाका:
धागा पुलाचा आहे हो!! ताई, कालचं ते माप घेतलं कुणी आणि कशाने?

लेन_सहाची_आई:
कोच सरांनी. पोलादी टेपने, कट्ट्यावरून. मे महिना, दुपारी दीड.

टेपकाका:
अरे देवा. टेप २० अंशांना बरोबर असते. उन्हात ४० ला ती ५० मीटरमागे सव्वा सेंटीमीटरभर ताणते, म्हणजे आकडा तेवढा कमी येतो. तुमच्या दोन सेंटीमीटरमधला निम्म्याहून जास्त उन्हाचा असेल.

लेन_सहाची_आई:
म्हणजे मीच बरोबर! एवढं लेक्चर कशाला दिलंत मग?

टेपकाका:
उरलेले सातआठ मिलिमीटर तरी आखूडच. उणे शून्य म्हणजे शून्य. पण ठीक आहे, माझी निम्मी चिडचिड मागे घेतो. निम्मीच.

लेन_सहाची_आई:
उपकार झाले. रविवारी सकाळी सातला तुमचं ते टोटल स्टेशन, सर्व्हेचं अंतर मोजायचं यंत्र, घेऊन या. पाण्याखालचं मापही तुम्हीच घ्यायचं. चहा माझ्याकडून.

टेपकाका:
येतो. पाण्यात उतरून भिंतीला प्रिझम, म्हणजे यंत्राचा किरण परत पाठवणारी काच, कोण धरणार?

उंच_पोराचा_बाप:
माझा मुलगा धरेल. हात लांब आहेत त्याचे.

दाखला_दाखवा:
किती वर्षांचा म्हणालात?