ईएल ८४ व्हॉल्व्ह बदलायचे आहेत: सुटा म्युलार्ड घ्यावा की नवी जोडी?

प्रश्न:
वडिलांनी स्वतः बांधलेला मोनो पुश-पुल (दोन व्हॉल्व्ह आळीपाळीने जोर लावणारा) अँप्लिफायर मी पुण्यात अजून वापरतो. त्यात स्पीकरला शक्ती देणारे दोन ईएल ८४ व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्या), त्यांच्या आधी सिग्नल वाढवणारा एक ईसीसी ८३ आणि रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) म्हणून ईझेड ८१ आहे. ईएल ८४ ची जोडी भारत इलेक्ट्रॉनिक्सची आहे. गेल्या आठवड्यापासून त्यांतील एकाची प्लेट (आतला धातूचा पत्रा) वीसेक मिनिटांत लालबुंद होते आणि आवाज चिरकू लागतो. जुन्या बाजारात म्युलार्ड या ब्रिटिश कंपनीचा एक सुटा ईएल ८४ मिळतो आहे, तर स्लोव्हाकियातील जेजे कंपनीची नवी जोडी मागवावी लागेल. काय घ्यावे, आणि सगळेच व्हॉल्व्ह बदलावेत का?

उत्तर १:
आधी अँप्लिफायर बंद ठेवा आणि खरेदीही थांबवा. प्लेट लाल होण्यामागे पुष्कळदा व्हॉल्व्ह नसून त्याच्या आधीचा कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त आवाजाचा सिग्नल पुढे सोडणारा) असतो. जुन्या कागदी कपॅसिटरमधून डीसी झिरपू लागला, की ग्रिड (व्हॉल्व्हमधला करंट आवरणारी जाळी) पॉझिटिव्ह होते, व्हॉल्व्ह झेपेल त्याहून जास्त करंट ओढतो आणि नवा बसवला तरी तोही तसाच भाजतो. लाल होणारा व्हॉल्व्ह काढून, मीटरची काळी तार चॅसिसला लावून, त्या सॉकेटच्या २ क्रमांकाच्या, म्हणजे ग्रिडच्या, पिनेवर डीसी मोजा. रिकाम्या सॉकेटवरही काही व्होल्ट दिसले तर कपॅसिटर गेला आहे. तेथे शून्य असून व्हॉल्व्ह तापल्यावरच ते वाढत असतील, तर दोष व्हॉल्व्हचा. आत ३०० व्होल्ट खेळत असतात, तेव्हा दुसरा हात खिशात ठेवावा.

उत्तर २:
वरील तपासणी झाल्यावरच, पण जोडीच घ्या, तीही जुळवलेली. दोन्ही व्हॉल्व्हचा करंट सारखा नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात डीसी शिल्लक राहतो आणि खर्जाचे स्वर पहिल्यांदा बिघडतात, त्यामुळे सुटा म्युलार्ड कितीही नामांकित असला तरी येथे निरुपयोगी आहे. दोघांना मिळून १३० ओहमचा कॅथोड रेझिस्टर (दोन्ही व्हॉल्व्हचा करंट ज्यातून वाहतो तो) असेल तर त्यावर साधारण १०.४ व्होल्ट, म्हणजे ८० मिलिअँपिअर मिळायला हवेत. ईसीसी ८३ ला चालू स्थितीत पेन्सिलीने हलकेच टिचकी मारा. स्पीकरमधून घंटेसारखा नाद आला नाही, तर तो बदलू नका. त्याच्या जागी ईसीसी ८२ सॉकेटमध्ये बसतो म्हणून कोणी सुचवील, पण त्याचे प्रवर्धन १०० ऐवजी विसाच्याही आत असते.

प्रश्नकर्ता:
रिकाम्या सॉकेटवर १४ व्होल्ट निघाले, म्हणून दोन्ही कपलिंग कपॅसिटर बदलले. आता प्लेट लाल होत नाही, मात्र कॅथोड रेझिस्टरवर १०.४ ऐवजी ८.७ व्होल्टच आहेत. कपॅसिटर काढताना चॅसिसच्या आतल्या बाजूला, त्याच रेझिस्टरच्या शेजारी, वडिलांनी पेन्सिलीने लिहिलेले ‘१०.५’ सापडले. जुळवलेली जोडी मागवली आहे.