डिसेंबरात डेंग्यू, हे ग्लोबल वॉर्मिंग का सोसायटीचा कारभार?

अर्धा_कप_चहा:
मंडळी, डेंग्यू म्हणजे गणपती ते दिवाळी असं डोक्यात फिट होतं, पण या डिसेंबरात, घरात स्वेटर बाहेर निघालेले असताना बाबांना डेंग्यू निघाला. प्लेटलेट ४८ हजारांवर आल्या. शेजारच्या काकू रोज पपईच्या पानांचा रस घेऊन हजर आणि बाबा तो पेला बघूनच पांघरूण डोक्यावर ओढायचे. आता बरे आहेत. पण कमिटीकडे तक्रार केली तर उत्तर काय, "अहो ग्लोबल वॉर्मिंग आहे, आपण काय करणार!" मला हे सरळ हात झटकणं वाटतंय. खरंच हवेचा नि डासांचा एवढा संबंध असतो का?

सूक्ष्मदर्शी:
संबंध आहे, आणि चांगलाच आहे. आजारी माणसाला चावल्या चावल्या डासाची मादी लगेच दुसऱ्याला डेंग्यू देऊ शकत नाही, विषाणू तिच्या पोटातून लाळेपर्यंत पोचावा लागतो. २५ अंशाला त्याला साधारण दोन आठवडे लागतात, ३० अंशाला आठवडाभरात काम होतं. आता मादीचं आयुष्यच दोन-चार आठवडे, त्यामुळे गारव्यात बऱ्याच जणी विषाणू लाळेत पोचायच्या आधीच मरतात. दोन-चार अंशांनी गणित फिरतं ते इथे. (अति उष्णता मात्र डासालाही झेपत नाही, त्यामुळे जितकं ऊन तितका डेंग्यू असं सरळ नाही.)
आपल्या पाषाणच्या आयआयटीएमच्या (हवामानावर संशोधन करणारी केंद्र सरकारची संस्था) शास्त्रज्ञांचा खास पुण्यावरचा अभ्यास जानेवारी २०२५ मध्ये आला. पावसाळ्यात २७ ते ३५ अंश, मध्यम पण आठवडेच्या आठवडे रिपरिप पाऊस आणि ६० ते ७८ टक्के आर्द्रता हे डेंग्यूला मानवतं. उलट आठवड्यात १५० मिमीच्या वर कोसळला की अंडी-आळ्या वाहून जातात. त्यांच्या अंदाजाने २०४० पर्यंत पुण्यात डेंग्यूचे मृत्यू १३ टक्क्यांनी वाढू शकतात.

सदाशिव_तीस:
बरं, पण टाकीचं झाकण काय ग्लोबल वॉर्मिंगनी उघडं ठेवलं का? डेंग्यू पसरवणारा एडिस हा घरातला डास आहे हो, बाहेर १२ अंश असलं तरी तुमच्या पलंगाखाली नसतं. चावतो दिवसा, त्यामुळे संध्याकाळी दारं लावून घेता त्याचा याला काडीचा फरक पडत नाही. फ्रिजमागचा ट्रे, कुंड्यांखालच्या बशा, मनी प्लांटची बाटली बघा आधी. आणि नुसतं पाणी ओतून भागत नाही, घासा, कारण अंडी भांड्याच्या कडेला चिकटून कोरडी असली तरी महिनोन्महिने टिकतात आणि पाणी लागलं की आठवडा-दहा दिवसांत डास तयार. धुराची गाडी आली की आपण खूश, पण आळ्यांना त्या धुराने काहीही होत नाही.

तिलारीची_लेक:
माझं माहेर सिंधुदुर्गातलं दोडामार्ग. आमच्याकडे डासापेक्षा गोचिडीची भीती. गोचीड चावून होणारा माकडताप १९५७ मध्ये कर्नाटकात शिमोग्याकडच्या क्यासनूर जंगलात सापडला, आमच्याकडे २०१६ मध्ये आला. काजूच्या दिवसांत बागेत जायचं म्हणजे आई आधी हातापायाला तेल चोपडायला लावते. आता हे सगळं गर्मीमुळेच असं कोणी म्हटलं तर मी नाही मानणार, डोंगरच्या डोंगर साफ करून बागा केल्यात, माणूस जंगलात घुसला तर गोचीड माणसावर चढणारच ना. तेव्हा सदाशिवरावांना माझं अर्धं मत. अर्धंच, कारण युरोपात आता डेंग्यू पसरवणाऱ्या टायगर डासामुळे तिथल्या तिथेच डेंग्यूची लागण होतेय. तिथे काय सगळ्यांनी एकदम टाक्या उघड्या टाकल्या का?

अर्धा_कप_चहा:
धन्यवाद सगळ्यांना. आज टॉर्च घेऊन टेरेसवर गेलो. उन्हाळा संपल्यावर कोणीतरी वर नेऊन टाकलेला कूलर, त्यात टाकीच्या ओव्हरफ्लोचं पाणी ठिबकतंय, तळाशी चार बोटं पाणी आणि त्यात आळ्या डोकं खाली करून लटकलेल्या, टॉर्च मारला की वळवळत खाली पळतात. व्हिडिओ काढला, मग कूलर उपडा केला. कोणाचा ते इथे लिहीत नाही, पण मागे मार्करने फ्लॅट नंबर आहे आणि कमिटीची मीटिंग रविवारी.