स्वतःच्या विमानाने कॅनडात परतताना ७२ तासांतली कोविड चाचणी आणि हवामान यांचा मेळ कसा घालावा? (एप्रिल २०२१)

नमस्कार. मी ऑंटॅरिओत राहते आणि माझ्याकडे खासगी वैमानिकाचा परवाना व सेसना १७२ हे एका इंजिनाचे छोटे विमान आहे. न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्या माझ्या थोरल्या भावाची मोठी शस्त्रक्रिया झाली असून त्याच्यापाशी काही दिवस राहण्याची माझी इच्छा आहे. अत्यावश्यक नसलेल्या प्रवासासाठी कॅनडा-अमेरिका सीमेवरचे रस्ते कोविडमुळे मार्च २०२० पासून बंद आहेत. मात्र अमेरिकेने घातलेला तो निर्बंध हवाई मार्गाने येणाऱ्यांना लागू नाही, म्हणून विमानाने जाण्याचा विचार करते आहे.

जाण्याची मला फारशी चिंता नाही. ई-एपिसवर (प्रवाशांची माहिती आगाऊ देण्याच्या अमेरिकी सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर) उड्डाणाच्या निदान ६० मिनिटे आधी माहिती भरणे, सीमाशुल्क असलेल्या विमानतळाशी फोनवर बोलून उतरण्याची परवानगी घेणे, उड्डाण योजना आणि ट्रान्सपॉन्डरचा (रडारला विमानाची ओळख देणाऱ्या यंत्राचा) कोड हे सारे नेहमीचेच आहे. जानेवारीपासून चाचणीचा निगेटिव्ह अहवालही लागतो आणि ती अट खासगी विमानांनाही आहे.

खरी अडचण परतीची आहे. फेब्रुवारीपासून परदेशातून येणाऱ्या खासगी विमानांनाही टोरंटो, मॉन्ट्रियल, कॅलगरी आणि व्हँकूवर या चारच ठिकाणी उतरता येते, म्हणजे मला टोरंटोच्या पिअर्सन विमानतळावरच यावे लागेल. तिथे छोट्या विमानालाही वेळ आधी आरक्षित करावी लागते, कॅनडाच्या सीमा सेवेला किमान २ तास आधी फोनवर कळवावे लागते आणि विलगीकरणाच्या पहिल्या तीन रात्रींचे हॉटेलही आगाऊ ठरवावे लागते. या सगळ्यांच्या वेळा एकमेकींत अडकलेल्या आहेत. त्यात पीसीआरसारखी चाचणी उड्डाणाच्या नियोजित वेळेपूर्वीच्या ७२ तासांतली हवी, अँटिजेन चाचणी चालत नाही, आणि अहवाल हाती येईपर्यंत त्यातले बरेच तास संपलेले असतात.

मी फक्त व्हीएफआर, म्हणजे बाहेरचे स्पष्ट दिसत असतानाच, उडते. ऑंटॅरिओ सरोवराचे पाणी या दिवसांत फार थंड असते, त्यामुळे एका इंजिनाच्या विमानाने ते ओलांडण्यापेक्षा मी नायगाराकडून किनाऱ्याकिनाऱ्याने येईन. पण ढग खाली आले तर त्या वाटेनेही येता येणार नाही. अशा वेळी थांबणे हेच योग्य, हे आम्हाला पहिल्या धड्यापासून शिकवलेले असते. अहवालाची मुदत संपत आली आहे म्हणून एखाद्या वैमानिकाने निघू नये अशा हवेत निघावे, ही शक्यता मला विषाणूइतकीच गंभीर वाटते, आणि त्या मोहात आपण पडू नये म्हणून सगळे आधीच ठरवून घ्यायचे आहे.

माझा मुख्य प्रश्न असा की, खासगी उड्डाणात ‘नियोजित वेळ’ कोणती धरतात? उड्डाण योजनेतली, सीमा सेवेला फोनवर सांगितलेली, की प्रत्यक्ष निघण्याची? हवामानामुळे उड्डाण एक दिवस पुढे गेले तर चाचणी पुन्हा करावीच लागते का, आणि हॉटेलचे आरक्षण पुढे सरकवून मिळते का? वाटेत हवा बिघडली आणि त्या चारांत नसलेल्या हॅमिल्टनला उतरणे भाग पडले, तर पुढे अधिकारी काय करायला सांगतात, हेही जाणून घ्यायचे आहे.

मी स्वतः विमान चालवणार असल्याने विमान कर्मचाऱ्यांना या अटींतून असलेली सवलत मलाही मिळेल, असे काहींनी सुचवले. भावाला भेटायला जाणे हे काम नव्हे, त्यामुळे ती सवलत मी गृहीत धरलेली नाही. परंतु हॉटेलातल्या तीन रात्री संपल्यावर उरलेले विलगीकरण घरी करायचे असते, तेव्हा पिअर्सनहून माझेच विमान एकटीने उडवत घराजवळच्या धावपट्टीवर नेता येईल का, की पूर्ण १४ दिवस ते तिथेच ठेवून भाडे भरावे लागेल?

फेब्रुवारीनंतर ज्यांनी असा परतीचा प्रवास केला आहे, त्यांनी आपला अनुभव कृपया तारखेसह लिहावा, कारण त्याआधीचे नियम वेगळे होते. सीमा सेवेकडून कोणाला लेखी उत्तर मिळाले असल्यास त्यातला मजकूर इथे दिल्यास फार उपकार होतील.