अनुभव धागा : वामनदादांचं गाणं ऐकून तुम्ही काय केलंत?

आंबेडकरी चळवळीचे लोककवी आणि गायक वामनदादा कर्डक 1922 च्या 15 ऑगस्टला सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले आणि 2004 च्या 15 मेला गेले. मुंबईत असताना कुणीतरी पत्र वाचून द्या म्हटलं, ते वाचता आलं नाही म्हणून रडू कोसळलं. मग देहलवी मास्तरांकडे बाराखडी गिरवली, जोडाक्षरं दुकानांच्या पाट्यांवरून जमवली. त्यानंतर गाणी किती लिहिली याचा हिशेब कुणाला लागत नाही. गौरवलेख पुष्कळ झालेत, तेव्हा विशेषणं नकोत. गाणं ऐकून उठल्यावर तुम्ही स्वतः काय केलंत तेवढं लिहा. नुसत्या टाळ्या वाजवून घरी गेला असाल तर तेही चालेल.

निफाडकडचा, आता नाशकात

मी आठ-नऊ वर्षांचा असेन. माझ्याकडे गॅसबत्तीला पंप मारायचं काम. वस्तीत दादा येणार म्हणून बायांनी दुपारीच अंगण सारवून ठेवलेलं. ढोलकीवाला कड्या ठोकून आवाज जुळवत बसला होता, ते बघण्यातच माझा अर्धा जीव. गाणं सुरू झालं नि मी तोंड उघडं टाकून ऐकत राहिलो. बत्ती पिवळी पडत पडत विझली. अंधारात आधी वडिलांची चापट बसली, पण गाणं काही थांबलं नाही. मी चाचपडत पंप मारतोय आणि सगळी वस्ती ध्रुवपद उचलतेय.

दुसऱ्या दिवशी आम्ही सहा पोरांनी डालड्याच्या डब्यावर ‘गायन पार्टी’ काढली. चाली दादांच्या, शब्द आमचे: नळ वरच्या आळीपर्यंतच का येतो, असले. दहा-बारा वर्षांनी त्याच सहांतले चौघं ग्रामसभेत तोच प्रश्न घेऊन उभे राहिलो. गाणं पाठ होतं म्हणून बोलायला अडखळलो नाही. नळ यायला पुढं सात वर्षं लागली, ती गोष्ट वेगळी.

परभणी, निवृत्त शिक्षक

1978 च्या 27 जुलैला विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा, म्हणजे त्याला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, ठराव झाला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. मी तेव्हा वसतिगृहात होतो. पत्रकं वाटायला पोरं घाबरायची. रात्री खोलीत दार लावून दादांची गाणी म्हणायला मात्र वीस-वीस जण. त्यातलेच पुढे मोर्चात दिसायचे. 1994 च्या 14 जानेवारीला नामविस्तार झाला, म्हणजे जुन्या नावाला बाबासाहेबांचं नाव जोडलं गेलं, तेव्हा माझी मुलगी तिसरीत होती. तिला शाळेतून लवकर आणलं, ती का म्हणून विचारत राहिली आणि मला काही सांगता येईना.

एक जण, मुंबई

माझा अनुभव उलटा आहे. आमच्या चाळीत गाण्यानं पोरं जागी व्हायची ती रात्री दोनपर्यंत, सकाळी पुन्हा जशीच्या तशी. दोन गायन पार्ट्यांचा मुकाबला लागला की शेवटी भांडण बिदागीच्या पाकिटावरून. आणि आता तर डीजेपुढं शब्द ऐकू येतात कुठं? राग मानू नका. दादांवर नाही, आमच्यावर लिहितोय.

हिंगोली जिल्हा, ताई

वरच्या भाऊंचं पटतं, पण अर्धंच. आमच्या वॉर्डात बाईची जागा राखीव निघाली. मला उभं केलं ते ‘कोण तरी पाहिजे’ म्हणून. जीपला पैसे नव्हते. चार जणी दारोदार जायचो, आधी दादांचं एक गाणं, मग हात जोडायचे. सासूबाई कोरसमध्ये! त्यांना माझं नाव घ्यायची सवय नव्हती, तरी नाव घालून कडवं रचलं त्यांनीच. अकरा मतांनी पडले. पुढच्या खेपेला आले निवडून. पहिल्या बैठकीला गेले तर पुरुषांना खुर्च्या, मला सतरंजी. दुसऱ्या बैठकीला घरची खुर्ची डोक्यावर घेऊन गेले. वाटेत पोरं हसत होती. मी गाणं गुणगुणत होते, ते खरं तर भीतीपोटी.

अकोला

मी काहीच केलं नाही. ढोलकी शिकले. मुलीच्या जातीनं ढोलकी, म्हणून घरी दोन दिवस अबोला.

वय 19, नाशिक

मी दादांना पाहिलेलं नाही, माझ्या जन्माच्या आधीच ते गेले. आजोबांच्या कॅसेटवर ऐकले, नंतर मोबाइलवर. यंदा भीमजयंतीला मंडळात माझा हट्ट होता की स्टेजशेजारी एक टेबल मतदार नोंदणीचं लावायचं. वर्गणीची पावती फाडायला येणाऱ्याला आधी विचारायचं: अठरा पूर्ण? नाव नोंदवायचा नमुना 6 भरलास? बहुतेकांचं उत्तर एकच, ‘ऑनलाइन होतं ना ते.’ होतं, पण केलेलं कुणीच नव्हतं.

संध्याकाळी स्टेजवर गाणाऱ्याला शेवटचं कडवं आठवेना. वामनदादांच्या गाण्यात ‘वामन’ ही नाममुद्रा, म्हणजे कवीनं गुंफलेलं स्वतःचं नाव, येते ती तिथंच. म्हाताऱ्यांनी ओरडा केला, वामन कुठाय, वामन कुठाय. आजोबा काठी टेकत वर गेले, माईक घेतला, कडवं पुरं केलं आणि खाली उतरताना टेबलापाशी थांबून मला विचारलं, किती झाले? तेवीस. त्यातल्या तिघांकडे फोटो नव्हता, त्यांना उद्या बोलावलंय.